‘ताई, मारलं मीच’ म्हणणारा अशील

आदरणीय मॅडम,

मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या लोक अभिरक्षक कार्यालयात, म्हणजे गरीब आरोपींना मोफत वकील देणाऱ्या कार्यालयात, सहाय्यक म्हणून काम करते. सनद घेऊन पाच वर्षं होतील. माझं गाव इथून तीसेक किलोमीटरवर आहे. एप्रिलमध्ये आमच्या गावातले एक मुकादम मारले गेले. ऊसतोडीचा हंगाम संपवून टोळी परत आली होती. एका मजुराची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटली नव्हती. मुकादम आणि त्यांचा पुतण्या रात्री साडेआठच्या सुमारास त्याच्या वस्तीवर वसुलीला गेले. बोलाचाली झाली आणि मजुराने मानेवर कोयत्याचा एक वार केला. दवाखान्यात नेताना मुकादम वारले. आरोपीकडे वकील लावायला पैसे नाहीत, फाईल आमच्या कार्यालयात आली आणि माझ्या टेबलावर ठेवली गेली.

मयताच्या पत्नीला मी लहानपणापासून काकू म्हणते. गावात वडिलांचं किराणा दुकान आहे. मी या केसमध्ये आहे हे कळल्यापासून गिऱ्हाईक निम्म्यावर आलंय. वडील म्हणतात, ज्या गावाचं मीठ खाल्लं त्याच्याविरुद्ध उभी राहू नकोस. इथल्या वकिलांच्या बार रूममध्येही ‘या आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही’ असा ठराव करायचं चाललंय. मी आरोपीला तुरुंगात दोनदा भेटले. पहिल्याच भेटीत तो म्हणाला, “ताई, मारलं मीच. खोटं कशाला बोलू?” डाव्या हातावर ताजा व्रण होता, तो हात तो मांडीखाली दाबून बसला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्याने माझ्यासमोर कबूल केलं, त्याच्यासाठी मी कोर्टात खोटं बोलू का? पुढच्या महिन्यात आरोप निश्चिती आहे. मी ही केस सोडू का?

— एक वकील

*

प्रिय मुली,

तू माझ्या लेकीच्या वयाची आहेस, म्हणून ‘तू’ म्हणते. मी तेहतीस वर्षं फौजदारी केली, त्यातली बहुतेक सेशन कोर्टात, आणि बहुतेक आरोपीच्या बाजूने. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. वडिलांबद्दल लिहिलंस, गावाबद्दल लिहिलंस, बार रूमबद्दल लिहिलंस. त्या व्रणाबद्दल एकच ओळ लिहून पुढे गेलीस. मी त्या ओळीपासून सुरुवात करते.

तो व्रण कशाचा आहे?

तू विचारलं नाहीस. नाही विचारलंस याचा दोष देत नाही. ‘मारलं मीच’ ऐकल्यावर पुढचं काही ऐकू येत नाही, हा अनुभव मलाही आहे. पण आता चार्जशीट उघड आणि अटक पंचनामा काढ. त्यात आरोपीच्या अंगावरच्या खुणा-जखमांचा रकाना असतो. तिथे काय लिहिलंय? ‘काही नाही’ असं लिहिलं असेल तर अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीचा कागद शोध. तो चार्जशीटला जोडलेला नसेल तर दवाखान्याचं रजिस्टर मागवायला कोर्टात अर्ज दे. तुरुंगात दाखल करतानाही कैद्याची तपासणी होते, त्याची नोंद तुरुंगाच्या दवाखान्यात असते. या तीन कागदांपैकी एकात जरी ‘डाव्या हातावर जखम’ असं सापडलं, तर त्या रात्री वस्तीवर काय घडलं याची एक बाजू अजून कुणी सांगितलेलीच नाही, एवढं नक्की झालं. पुतण्याच्या जबाबात ती जखम आहे का बघ. माझा अंदाज आहे की नसेल. आरोपीच्या अंगावर त्याच घटनेतली मोठी जखम असेल आणि सरकार पक्षाने तिचा उलगडाच केला नसेल, तर साक्षीदार खरी हकिगत लपवतायत असा निष्कर्ष कोर्ट काढू शकतं. लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार राज्य या १९७६ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हे स्वच्छ सांगितलंय. तो निकाल काढून वाच. जखम किरकोळ असेल तर तेवढा फायदा मिळत नाही, हेही त्या निकालातच आहे.

पण आधी त्याला विचार. आणि विचारताना एक पथ्य पाळ. कायदा आधी सांगून मग हकिगत विचारायची नाही. ‘त्यांनी आधी हात उचलला होता का, कारण तसं असेल तर शिक्षा कमी होते’ असं तू म्हणालीस, की तो ‘हो’ म्हणणार. बुडणारा माणूस दिसेल ती काडी धरतो. मग त्याचं खरं काय नि तू दिलेलं काय, हे तुला कधीच कळणार नाही. ‘हाताला काय झालं?’ एवढंच विचार आणि गप्प बस. तो बोलेपर्यंत गप्प बस. व्हिडिओ कॉन्फरन्सवर हे होत नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात, बेडी धरून उभ्या असलेल्या पोलिसासमोर तर नाहीच होत. तुरुंगात जा, तासभर वेळ ठेवून जा.

तो हात मांडीखाली का दाबत होता, याचं कारण मला माहीत नाही. लाज असेल. अशा माणसांना मार खाल्ल्याचीही लाज वाटते.

*

आता ‘मारलं मीच’.

हे वाक्य तू गुन्ह्याची कबुली म्हणून ऐकलंस. त्याने फक्त एवढं सांगितलं की कोयता त्याच्या हातात होता. मारणं म्हणजे खून नव्हे. हे तू कॉलेजात शिकलीस, परीक्षेत त्यावर वीस मार्कांचं उत्तर लिहिलंस, आणि समोर जिवंत माणूस बसल्यावर विसरलीस. भारतीय न्याय संहितेचं कलम १०१ पुन्हा वाच, त्याच्या खालच्या अपवादांसकट. गंभीर आणि अचानक दिलेली चिथावणी. पूर्वतयारी नसताना, अचानक उद्भवलेल्या भांडणात, रागाच्या भरात केलेला वार. त्यानंतर कलम १०५ वाच. तिथे शिक्षा वेगळी आहे. कलम १०३ मध्ये जन्मठेप किंवा फाशी, तिसरा पर्याय नाही. १०५ मध्ये, ठार मारायचा हेतू नव्हता पण जीव जाऊ शकतो याची जाणीव होती, एवढंच ठरलं तर दहा वर्षांपर्यंत. आणि ३४ ते ४४ कलमं वाच, स्वतःच्या बचावाची. बचाव आरोपीने शंकेपलीकडे सिद्ध करायचा नसतो. तसं घडलं असण्याची सबळ शक्यता कोर्टासमोर आली तरी पुरतं.

तुझ्या पत्रात काय आहे ते बघ. रात्री साडेआठ. मुकादम त्याच्या दारात गेले होते, तो मुकादमांच्या दारात गेला नव्हता. वार एकच. कोयता कुठे होता? चार्जशीटमध्ये लिहिलं असेल की ‘आरोपीने घातक हत्यार कोयता यासह हल्ला केला’. कोर्टात तो सीलबंद पाकिटातून येईल. पट्टेवाला लाखेचं सील तोडेल, सुतळी कापेल, आतलं लेबल वाचलं जाईल, पंचांच्या सह्या दाखवल्या जातील, आणि टेबलावर ठेवल्यावर ते पातं पाहून सगळ्यांच्याच पोटात कालवेल. न्यायाधीशही माणूसच असतो. पण तू त्या भागातली आहेस. ऊसतोड मजुराच्या घरात कोयता असणं म्हणजे सुताराच्या घरात रंधा असणं. नवरा-बायकोच्या जोडीला आपण ‘एक कोयता’ म्हणतो, उचल कोयत्यावर मिळते, टोळी किती कोयत्यांची हे विचारतो. हा शब्द शहरातल्या माणसाच्या कानाला हत्यार वाटतो. तो कुडाला खोचलेला होता की आतून मुद्दाम आणला गेला, यावर या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य ठरू शकतं. घटनास्थळाचा पंचनामा आणि नकाशा घेऊन वस्तीवर स्वतः जा. दारापासून कुडापर्यंत किती पावलं आहेत ते मोज. पुतण्या कुठे उभा होता ते जबाबात बघ, आणि तिथून त्या वेळी काय दिसतं हे रात्री साडेआठला उभं राहून बघ. खांबावरचा दिवा पंचनाम्यात आहे का? एकटी जाऊ नकोस, कार्यालयातला सहकारी बरोबर ने.

कोयता ‘आरोपीने काढून दिला’ असा मेमोरंडम पंचनामा नक्की असेल. पोलिसांपुढची कबुली पुरावा होत नाही, त्या कबुलीतून जी नवी गोष्ट सापडली तेवढाच भाग चालतो, हे तुला माहीत आहेच. मग बघ, कोयता कुठून काढला? घटना झाल्याबरोबर तिथेच पडला होता आणि अर्ध्या वस्तीने पाहिला होता, तर चार दिवसांनी तो ‘शोधून’ काय काढला? पंच कोण आहेत? दुसऱ्या गुन्ह्यांतही तेच पंच आहेत का? एका खटल्यात माझ्यासमोर आलेला पंच पोलीस ठाण्याबाहेर चहाची टपरी चालवायचा. त्याने शपथेवर सांगितलं की सह्या टपरीवरच केल्या, चहा गाळता गाळता. कागद कोरा होता का, असं विचारल्यावर म्हणाला, “वाचायला सवड कुठं होती?” तो खोटारडा नव्हता. ठाण्याशी वाकडं घेऊन त्याला टपरी चालवता आली नसती.

*

तुझा मूळ प्रश्न खोटं बोलण्याचा. नाही, एक शब्दही खोटं बोलायचं नाही.

बार कौन्सिलचे नियम आपण सनद घेताना सही करून विसरतो. त्यातला पंधरावा नियम मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. त्याचा आशय असा की आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल वकिलाचं स्वतःचं मत काहीही असो, त्याने आरोपीचा बचाव करायचा, कारण पुरेशा पुराव्याशिवाय कुणालाही शिक्षा होऊ नये असं सांगणाऱ्या कायद्याशी त्याची निष्ठा आहे. तिथे ‘न्याय्य आणि सन्मान्य मार्गांनी’ असंही म्हटलंय. दोन्ही एकत्र वाच.

याचा रोजच्या कामातला अर्थ सांगते. त्याने तुला सांगितलंय की मीच मारलं. आता तू त्याला ‘मी त्या रात्री पंढरपूरला होतो’ असं म्हणायला लावू शकत नाहीस. पुतण्यानेच मारलं, असा प्रश्न उलटतपासात घालू शकत नाहीस. एखादा साक्षीदार उभा करून त्याच्या तोंडून खोटं वदवू शकत नाहीस. कलम ३५१ च्या जबाबात, म्हणजे आपण अजून ज्याला ३१३ चा जबाब म्हणतो त्यात, तो काय म्हणणार हे त्याचं तो ठरवेल. तू त्याला खोटं पढवायचं नाहीस. पण सरकार पक्षाने जे म्हटलंय ते सिद्ध करून दाखवा, असं म्हणायला तुला पूर्ण मोकळीक आहे. पुतण्याने पहिल्या जबाबात जे सांगितलं नाही ते कोर्टात सांगितलं तर ती उणीव रेकॉर्डवर आण. डॉक्टरांना वाराची दिशा विचार, खोली विचार. रक्ताचे नमुने किती दिवस पोलीस ठाण्यात पडून होते ते मुद्देमाल कारकुनाला विचार. यातला एकही प्रश्न खोटा नाही.

‘कबूलच करून टाक म्हणावं’ असं तुला लोक सांगतील. शिक्षेच्या वाटाघाटीची जी सोय कायद्यात आहे ती सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती. खुनाच्या आरोपात ती नाही. तिथे त्याने नुसतं ‘कबूल’ म्हणणं म्हणजे १०३ आणि १०५ मधला सगळा फरक न तपासता सोडून देणं.

आणि तो तुझ्याजवळ जे बोलला ते तुझ्याजवळच राहायला हवं. साक्ष अधिनियमाचं कलम १३२ त्याला हे संरक्षण देतं, ते त्याचं आहे, तुझं नाही. त्याच्या परवानगीशिवाय तू ते कुणाला सांगू शकत नाहीस. वडिलांना नाही, नवऱ्याला नाही, बार रूमच्या मैत्रिणीला तर मुळीच नाही. मला लिहिलंस ते नाव-गाव झाकून लिहिलंस, आणि मीही ओळख पटेल असा तपशील छापण्याआधी बदललाय. तरी यापुढे असं काही आलं तर आधी तुमच्या मुख्य लोक अभिरक्षकांकडे जा, ते त्याच बाजूचे वकील आहेत.

*

वडिलांना काय सांगायचं? कलमं सांगून उपयोग नाही. त्यांना नाशिकचा खटला सांग.

२००३ मध्ये नाशिकजवळ एका कुटुंबावर दरोडा पडला, पाच जण मारले गेले. त्यात अत्याचारही होते, ते मी इथे लिहीत नाही. भटक्या समाजातले सहा जण पकडले गेले. हायकोर्टाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती, पण २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्या काळात कुणी त्यांच्या बाजूने बोललं असतं तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. मग फेरविचार झाला, आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्यातला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. कोर्टाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. सोळा वर्षं गेली होती. आणि कशावरून सुटले? त्या हल्ल्यातून वाचलेल्या बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधले फोटो पाहून चार माणसं ओळखली होती. ती चार माणसं या सहांपैकी नव्हती. त्या चौघांचा तपास कुणी केलाच नाही. ही नोंद पहिल्यापासून होती, आणि तरी खालच्या कोर्टापासून सुप्रीम कोर्टापर्यंत सहाही जण दोषीच ठरत गेले. त्या पाच जणांचे खरे मारेकरी कुठे गेले, हा प्रश्न मयताच्या नातेवाइकांनी कुणाला विचारायचा? चुकीच्या माणसाला शिक्षा झाली की फिर्यादीलाही न्याय मिळत नाही, हे वडिलांना कळेल. दुकानदाराला खोटा हिशेब कळतो.

तुझ्या अशिलाचं तसं नाही, तो तर म्हणतोच मी मारलं, असं वडील म्हणतील का? म्हणणार नाहीत, कारण ते तू त्यांना सांगणारच नाहीस.

२६/११ चा खटलाही सांग. कसाबसाठी नेमलेल्या वकील अंजली वाघमारे यांच्या घरावर जमाव चालून गेला होता. पुढे दुसरे वकील आले, खटला चालला, पुरावा तपासला गेला, आणि २९ ऑगस्ट २०१२ ला सुप्रीम कोर्टाने फाशी कायम केली. त्याला वकील मिळाला म्हणून शिक्षा टळली नाही. पण त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी होते, त्यांच्यावर हल्ल्यासाठी नकाशे पुरवल्याचा आरोप होता. तो नकाशा मारल्या गेलेल्या दहशतवाद्याच्या पँटच्या खिशात सापडला, असं सरकार पक्षाचं म्हणणं. पँट रक्ताने भिजलेली होती. नकाशावर रक्ताचा डाग नव्हता, चुरगळलेलाही नव्हता. दोघेही खालच्या कोर्टातून सुटले, हायकोर्टात सुटले, सुप्रीम कोर्टात सुटले. ज्या रात्री सगळा देश जळत होता, त्या रात्रीच्या खटल्यातसुद्धा एक स्वच्छ कागद कुणीतरी उजेडात धरून बघितला. आपलं काम एवढंच आहे, मुली, कागद उजेडात धरून बघणं.

त्या दोघांपैकी एकाचे वकील शाहिद आझमी. ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्यात त्यांच्या ऑफिसात शिरून त्यांना गोळ्या घातल्या. बत्तीस वर्षांचे होते. निकाल लागला मे महिन्यात. हे मी तुला लपवून सांगू शकले असते. पण ‘काही होत नाही गं, घाबरू नकोस’ असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांमध्ये मला बसायचं नाही. तुझ्या भीतीला आधार आहे. म्हणून प्रत्येक धमकी, अगदी दुकानासमोर उभं राहून कुणी बोललं तरी, तारीख-वेळ घालून लिहून ठेव आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळव. सचिव न्यायाधीश असतात. अर्जाची पोच घे. पोलिसांनाही लेखीच दे, तोंडी नको.

बारच्या ठरावाचं मात्र टेन्शन घेऊ नकोस. कोइमतूरच्या वकिलांनी असाच ठराव केला होता, आणि तोही पोलिसांविरुद्ध, की आरोपी पोलिसांचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही. २०१० मध्ये ए. एस. मोहम्मद रफी यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने असे सगळे ठराव बेकायदा आणि रद्दबातल ठरवले. निकालाची प्रत काढ आणि अध्यक्षांच्या हातात नम्रपणे ठेव. वाद घालू नकोस. त्यातल्या अर्ध्यांना आतून माहीत असतं.

*

आता काकू. इथे मी तुला ‘कर’ असं सहज सांगणार नाही.

नियम सांगतो की वकिलाने केस घ्यायला हवी, पण विशेष कारण असेल तर नाकारताही येते. गाव नाराज आहे हे कारण होत नाही. दुकानाचं गिऱ्हाईक हे कारण होत नाही, कितीही दुखलं तरी. पण साक्षीच्या पिंजऱ्यात काकू उभ्या असताना तुझी जीभ अडखळणार असेल, विचारायला हवा तो प्रश्न तू गिळणार असशील, तर ते कारण आहे. कारण मग नुकसान त्या तुरुंगातल्या माणसाचं. त्याला वकील बदलून मागायचं भानही नसणार. हा प्रश्न तू आज रात्री स्वतःला विचार. आणि आरोपीलाही सांग की मयताच्या घराशी तुझी ओळख आहे, त्याचं काय म्हणणं आहे ते ऐक. सोडायची असेल तर आरोप निश्चितीच्या आधी, मुख्य अभिरक्षकांना लेखी कारण देऊन सोड. अर्ध्या साक्षी झाल्यावर सोडणं म्हणजे पेशंटला टेबलावर टाकून डॉक्टर निघून जाण्यासारखं.

ठेवायची असेल तर माझी एक चूक ऐक. माझ्या दुसऱ्याच खुनाच्या केसमध्ये मी मयताच्या बायकोचा उलटतपास दोन तास घेतला. घरातले पैसे, दागिने, नवऱ्याचं दारू पिणं, सगळं विचारलं. घटना तिने पाहिलेलीच नव्हती. मला वाटत होतं की अशील मागे बसलाय, आपण लढतोय हे त्याला दिसलं पाहिजे. जेवणाच्या सुट्टीत ती व्हरांड्यातल्या नळावर तोंड धूत होती. मी शेजारी हात धुवायला गेले तर तिने नळ सोडून मला जागा करून दिली. काही बोलली नाही. त्या दोन तासांतलं एक वाक्यही मला शेवटच्या युक्तिवादात वापरता आलं नाही.

काकूंनी घटना पाहिलीय का? पाहिली नसेल, तर त्या फार तर मयताची ओळख, उचलीचा व्यवहार आणि ते घरातून किती वाजता निघाले एवढंच सांगतील. त्यातलं जे तुझ्या बचावाला छेद देत नाही, त्यावर प्रश्न न विचारताही चालतं. मात्र हे बसून ठरव, दयेपोटी नको. ज्या गोष्टीला आव्हान दिलं नाही ती मान्य केली असं धरलं जातं. उचलीच्या हिशेबाचं एखादं वाक्य तुझ्या विरोधात जात असेल तर तेवढाच प्रश्न विचार, ‘काकू’ न म्हणता, आवाज न चढवता, आणि बस.

आणखी एक, आणि हे तू लिहिलंसुद्धा नाहीस. पाच वर्षांच्या सनदीवर जन्मठेप-फाशीची केस एकटीने चालवायची नाही. २०१९ च्या अनोखीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सुप्रीम कोर्टाने घालून दिलंय की अशा खटल्यात मोफत वकील नेमताना किमान दहा वर्षांचा अनुभव हवा, आणि तयारीला साधारण सात दिवस तरी द्यायलाच हवेत. त्या खटल्यात आरोप निश्चितीच्या दिवशीच वकील नेमला गेला होता, पंधरवड्याच्या आत खटला संपून फाशी झाली होती. सुप्रीम कोर्टाने खटला पुन्हा चालवायला लावला आणि २०२४ मध्ये तो माणूस निर्दोष सुटला. अकरा वर्षांनी. त्याच्या पहिल्या वकिलाला मी दोष देत नाही, एका दिवसात कुणी काय वाचणार? तू उद्याच मुख्य अभिरक्षकांना लेखी मागणी कर की या केसमध्ये पुढे ते किंवा उपमुख्य उभे राहतील आणि तू सोबत. काकूंचा उलटतपास त्यांनी घ्यावा, हेही तिथेच ठरवून घ्या. कदाचित तुझा अर्धा प्रश्न इथेच सुटेल. माझ्या मते सुटावा, कारण तू ही केस सोडू नयेस असं मला मनापासून वाटतं. आरोपी जिथे हात लपवून बसला होता, तिथे तुझं लक्ष गेलं. घाईत असलेल्या वकिलाचं गेलं नसतं.

वडिलांना एक दिवस कोर्टात बोलव. माझे वडील माझ्याशी दोन महिने बोलत नव्हते, आणि एकदा न सांगता येऊन मागच्या बाकावर बसले होते. त्यांना तो दिवस चांगला मिळाला, डॉक्टरांच्या उलटतपासाचा. घरी येताना एसटीत एवढंच विचारलं, “वार मागून होता की समोरून, हे आधी कुणीच कसं विचारलं नव्हतं?” तुझ्या वडिलांना आरोप निश्चितीला बोलवू नकोस, त्या दिवशी दहा मिनिटांत सगळं संपतं आणि नुसती गर्दी दिसते. डॉक्टरांची साक्ष कधी लागते ते रोजनाम्यात बघून सांग.

पण त्याआधी तुरुंगात जा. हाताचं विचारून ये.

तुझी,
मावशी